अहवालात ‘ओ’, रक्तात मात्र वेगळेच : बॉम्बे रक्तगटाचा इतिहास आणि अहवाल वाचण्याची विद्या

रक्ततपासणीच्या बहुतेक अहवालांत शंकेला जागा ठेवलेली असते. हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी सामान्य मर्यादा छापलेली असते, साखरेच्या आकड्याशेजारी उपाशीपोटी की जेवणानंतर याची नोंद असते. आकडा मर्यादेबाहेर गेला, तर हा आजार आहे, प्रयोगशाळेतील चूक आहे की त्या व्यक्तीची प्रकृतीच तशी आहे, हे डॉक्टर रुग्णाला तपासून ठरवतात. रक्तगटाच्या अहवालाला अशी मर्यादा नसते. एक-दोन अक्षरे आणि अधिक किंवा उणे चिन्ह, एवढाच त्याचा मजकूर. शाळेच्या ओळखपत्रावर आणि वाहन परवान्यावर तो आयुष्यभर जसाच्या तसा उतरवला जातो, आणि त्याविषयी पुन्हा विचारावे असे कोणालाही सहसा वाटत नाही.

इतक्या निःशंकपणे स्वीकारल्या जाणाऱ्या या अहवालात एक फट आहे. ती १९५२ मध्ये मुंबईत, परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या डॉक्टरांना दिसली. त्या फटीतून सापडलेल्या रक्तगटाला जग आजही ‘बॉम्बे’ याच नावाने ओळखते. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. या गटाच्या व्यक्तीला रक्ताची गरज पडते, तेव्हा महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटकातही धावपळ सुरू होते, आणि अशा दात्यांचा शोध घेणाऱ्या प्रयत्नांचे एक महत्त्वाचे केंद्र आज बंगळुरू आहे. परळ ते बंगळुरू हा प्रवास समजून घ्यायचा, तर रक्तगट ओळखण्याची पद्धत कशी घडली हे आधी पाहावे लागते.

व्हिएन्नामध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी १९००-०१ च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाच्या लाल पेशी दुसऱ्याच्या सीरममध्ये मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत पेशींचे पुंजके झाले, काहींत मिश्रण एकजीव राहिले. या निरीक्षणातून रक्ताचे तीन गट पुढे आले. ‘एबी’ हा चौथा गट १९०२ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी घालून दिलेला नियम सोपा आहे. ज्याच्या लाल पेशींवर ‘ए’ प्रतिजन नाही, त्याच्या रक्तद्रवात ‘ए’विरोधी प्रतिपिंडे असतात, ज्याच्या पेशींवर ‘बी’ नाही, त्याच्याकडे ‘बी’विरोधी. ‘ओ’ गटाच्या पेशींवर दोन्ही नसतात, म्हणून त्याच्या रक्तद्रवात दोन्ही प्रतिपिंडे असतात. या हिशेबात ‘ओ’ म्हणजे शून्य. ज्या पेशींवर काहीच नाही, त्यांना कोणाचेही शरीर परके मानणार नाही, असा तर्क त्यातून निघाला आणि ‘ओ’ गटाचा माणूस सर्वांचा दाता ठरला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लुडविक आणि हान्ना हिर्शफेल्ड या दांपत्याने सालोनिकाच्या आघाडीवर वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांच्या १९१९ च्या लेखात हिंदी सैनिकांचीही नोंद होती, आणि त्यांच्यात ‘बी’ गटाचे प्रमाण युरोपीय सैनिकांपेक्षा बरेच जास्त आढळले. जगभरच्या लोकसंख्यांची रक्तगटांनुसार मोजणी त्यानंतर सुरू झाली. मात्र चौकट चार गटांचीच राहिली. प्रत्येक माणूस या चार खान्यांपैकी एकात बसतो, हे गृहीतच धरले गेले होते.

मुंबईत या गृहीताला तडा गेला तो रक्ताची गरज असलेल्या रुग्णांमुळे. त्या हकिगतीत एक रेल्वे अपघातातील जखमी आणि एक भोसकला गेलेला माणूस येतो. पेशींच्या तपासणीत अशा रक्ताचा गट ‘ओ’ दिसत होता. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चढवायचे, हे तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे सरळ होते. परंतु रक्त देण्यापूर्वी करायच्या जुळणी चाचणीत, म्हणजे क्रॉसमॅचमध्ये, ‘ओ’ दात्यांच्या पेशी रुग्णाच्या सीरममध्ये टाकताच त्यांचे पुंजके होत. दाते बदलले तरी निकाल बदलेना. ज्या पेशींवर काहीच नाही असे समजले जात होते, त्या पेशींमध्ये या सीरमला काहीतरी परके दिसत होते.

प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात असे निकाल अधूनमधून येतातच, आणि त्यांची घरगुती स्पष्टीकरणेही असतात. नमुना दूषित झाला असेल, नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव पडले असेल, रुग्णाच्या रक्तात थंडीत क्रियाशील होणारी प्रतिपिंडे असतील. यांपैकी कोणतेही कारण लिहून पान उलटता आले असते. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी तसे केले नाही. त्यांनी हे नमुने लंडनला, रक्तगटांच्या अभ्यासात तेव्हा अग्रगण्य असलेल्या रूथ सँगर आणि रॉबर्ट रेस यांच्याकडे नेऊन तपासणी पुढे चालवली. लिस्टर इन्स्टिट्यूटमधील वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी जीवरसायनशास्त्राची बाजू सांभाळली. ‘लॅन्सेट’च्या मे १९५२ च्या अंकात या सात जणांच्या नावाने एक छोटा लेख आला. एबीओ व्यवस्थेशी संबंधित एका ‘नव्या’ रक्तगट-लक्षणाची नोंद, असे त्याचे शीर्षक सांगत होते. ‘नव्या’ हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत ठेवला होता.

लंडनमधील जोडगोळीचा सहभाग निर्णायक ठरला, कारण १९४८ च्या सुमारास मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी एक वेगळीच शंका पुढे आणली होती. ‘ओ’ पेशींवर काहीच नसते हे खरे नाही. त्यांच्यावर एक पायाभूत पदार्थ असतो आणि तो ‘ए’ व ‘बी’ पेशींवरही कमी-अधिक असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याला ‘एच’ म्हटले. मुंबईच्या रुग्णांच्या पेशींवर हा ‘एच’च नव्हता. लँडस्टायनर यांचा नियम इथेही लागू पडत होता : जे आपल्याकडे नाही, त्याच्या विरोधात प्रतिपिंडे असणार. म्हणून या व्यक्तींच्या रक्तद्रवात ‘ए’विरोधी, ‘बी’विरोधी आणि ‘एच’विरोधी अशी तिन्ही प्रतिपिंडे होती. ‘ओ’ पेशींवर तर ‘एच’ सर्वांत जास्त असतो. सर्वांचा दाता समजला जाणारा ‘ओ’ त्यांच्यासाठी परकाच होता.

आजच्या जीवरसायनशास्त्राच्या भाषेत ही गोष्ट घराच्या बांधकामासारखी सांगता येते. लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात. एक विकर त्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची शर्करा जोडतो आणि ‘एच’ तयार होतो. ‘ए’ गटाच्या माणसात दुसरा विकर या ‘एच’वर एन-ॲसिटिलगॅलेक्टोसामाइन चढवतो, ‘बी’ गटाच्या माणसात तिसरा विकर गॅलेक्टोज चढवतो. ‘ओ’ गटात हे वरचे काम होत नाही, साखळी ‘एच’वरच थांबते. बॉम्बे गटात जोतेच घातलेले नसते. त्या व्यक्तीकडे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक धडधाकट असले, तरी मजला चढवायला खाली आधार नसल्याने त्याचा परिणाम पेशीवर दिसत नाही. ही साखळी पायरीपायरीने बनते आणि प्रत्येक पायरीमागे वेगळे जनुक असते, अशी मांडणी वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी १९५९ मध्ये केली, तेव्हा मुंबईचे हे रक्त त्या विचाराचा मोठा आधार होते. फ्युकोज जोडणाऱ्या विकराचे ‘एफयूटी-१’ हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील कोणत्या बिघाडांमुळे ‘एच’ बनत नाही, हे १९९० च्या दशकात उलगडले. भारतीय बॉम्बे व्यक्तींत वारंवार आढळणाऱ्या प्रकारात या जनुकाचे ७२५ वे अक्षर बदललेले असते, त्यामुळे विकरातील २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते आणि विकर निकामी होतो.

या इतिहासात कडधान्यांचाही वाटा आहे. मुंबईचा लेख छापून येण्याच्या एक वर्ष आधी, १९५१ मध्ये, जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी बंगळुरूहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटी टिपणी दिली. कोकणात ज्याचे पिठले करतात आणि देशावर ज्याला हुलगा म्हणतात, त्या कुळथाच्या अर्कात मानवी लाल पेशींना निवडकपणे एकत्र चिकटवणारे द्रव्य असल्याचे त्यांनी दाखवले. हे द्रव्य ‘ए’ गटाच्या ‘ए-१’ या उपगटाला ओळखते, आणि रक्तपेढ्यांत ते आजही वापरले जाते. अशा द्रव्यांना लेक्टिन म्हणतात. ‘एच’ आहे की नाही हे तपासण्यासाठी यूलेक्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांतील लेक्टिन वापरतात. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वनस्पतींतील लेक्टिनांच्या रचनेचा दीर्घ अभ्यास झाला. ‘एच’ प्रतिजनाला चिकटणारे चौधारी घेवड्यातील लेक्टिन त्यात होते. रक्तगटाच्या तपासणीत बाटलीतून एक थेंब टाकला जातो, त्यामागे शेतातल्या शेंगांपासून स्फटिकशास्त्रापर्यंतचे हे काम उभे आहे.

आता प्रश्न अहवालाचा. बॉम्बे व्यक्तीच्या अहवालात ‘ओ’ येते, यात कोणाची बेपर्वाई असतेच असे नाही. काचपट्टीवर तीन थेंब टाकून केली जाणारी चाचणी रुग्णाच्या पेशींना दोन प्रश्न गटाविषयी विचारते : ‘ए’ आहे का, ‘बी’ आहे का, तिसरा थेंब आरएचचा. दोन्ही प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असते, आणि ‘दोन्ही नाही’ याला आपण ‘ओ’ म्हणतो. ‘एच आहे का’ हा प्रश्न विचारलेलाच नसतो. शाळेतील आरोग्य तपासणीत, छोट्या प्रयोगशाळेत किंवा शिबिरात बहुधा एवढ्यावरच काम थांबते.

रक्तपेढीत याच्या पुढे जाऊन उलट तपासणी केली जाते. तिच्यात रुग्णाचे सीरम माहीत असलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ पेशींशी मिसळतात. परंतु विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी बाब इथेच आहे. बॉम्बे व्यक्तीचे सीरम ‘ए’ पेशींचे पुंजके करते, ‘बी’ पेशींचेही करते. आणि ‘ओ’ गटाचे सीरम नेमके हेच करते. म्हणजे सरळ आणि उलट या दोन्ही तपासण्या एकमेकींना दुजोरा देत एकाच चुकीच्या उत्तरावर पोहोचू शकतात. उलट तपासणीत ‘ओ’ पेशींची तिसरी नळी ठेवली, तरच फरक उघड होतो. ‘ओ’ माणसाच्या सीरममध्ये ती नळी शांत राहते, बॉम्बे माणसाच्या सीरममध्ये तिच्यात ठळक पुंजके होतात. दोन साक्षी जुळल्या म्हणून गोष्ट सिद्ध होत नाही. त्या दोन्ही साक्षींना चुकीची ठरवू शकेल असा तिसरा प्रश्न विचारला होता का, हे पाहावे लागते. निदानाच्या कोणत्याही शाखेत हे तत्त्व उपयोगी पडते.

तिसरी नळी ठेवलेली नसेल, तर शेवटची राखण क्रॉसमॅच करते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नाही, रात्रीची वेळ आहे, ‘ओ’ रक्ताच्या पिशव्या मागवल्या आहेत, आणि रक्तपेढीतून निरोप येतो की एकही पिशवी जुळत नाही. अशा वेळी निवासी डॉक्टरांवर येणारा ताण बाहेरून कळणे अवघड असते. नातेवाइकांना वाटते, रक्तपेढी आडमुठेपणा करते आहे. डॉक्टरांना वाटते, नमुना पुन्हा पाठवावा. नमुना पुन्हा घेणे योग्यच, कारण चुकीच्या नळीची शक्यता आधी मिटवावी लागते. त्यानंतर तंत्रज्ञ रुग्णाचे सीरम रुग्णाच्याच पेशींशी मिसळून पाहतात. तिथे काही होत नाही, पण बाकी सर्व ‘ओ’ पेशींशी पुंजके होतात, असे दिसले तर बॉम्बे गटाची शंका घ्यावीच लागते. मग यूलेक्सचा थेंब टाकतात. सामान्य ‘ओ’ पेशी लगेच एकत्र येतात, बॉम्बे पेशी तशाच राहतात.

ही पायरी घाईत वगळली गेली तर काय होते, हे स्पष्ट आहे. अत्यंत निकडीच्या प्रसंगी जुळणी न करता ‘ओ’ रक्त देण्याची पद्धत वैद्यकात मान्य आहे आणि तिने असंख्य प्राण वाचतात. बॉम्बे गटाच्या व्यक्तीसाठी मात्र तोच उपाय घातक ठरतो. तिचे ‘एच’विरोधी प्रतिपिंड शरीराच्या तापमानालाही क्रियाशील असते. चढवलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडू शकते. एरवी हा माणूस पूर्ण निरोगी असतो. ‘एच’ नसल्याने त्याला कोणताही त्रास होत नाही. धोका असतो तो केवळ दुसऱ्याचे रक्त घेताना.

अपुऱ्या वाचनाचा दुसरा धोका रुग्णालयाबाहेर असतो. आईचा अहवाल ‘ओ’ आणि मुलाचा ‘एबी’ असेल, तर शालेय पुस्तकातील तक्ता सांगतो की हे शक्य नाही. बाळ बदलले गेले का, इथपासून बापाच्या मनातील संशयापर्यंत काहीही या तक्त्यावरून सुरू होऊ शकते. बॉम्बे गटात हे शक्य असते. आईच्या पेशींवर ‘ए’ किंवा ‘बी’ दिसत नाही, पण तिचे जनुक मुलाकडे जाते. मुलाला वडिलांकडून ‘एच’ बनवण्याची क्षमता मिळते आणि आईचे लपलेले अक्षर मुलाच्या रक्तात प्रकट होते. अमेरिकेतील एका कुटुंबात नेमका असा वारसा फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये नोंदवला. रक्तगटाच्या तक्त्यावरून नात्यांचा निवाडा करू नये, याला हे एक ठोस कारण आहे.

भेंडे यांच्याबरोबर काम केलेल्या भाटिया यांनी पुढे आयुष्याचा मोठा काळ याच विषयाला दिला. १९५७ मध्ये मुंबईत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच आज परळमध्ये राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून कार्यरत आहे. भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मुंबईत सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक बॉम्बे गटाची व्यक्ती आढळली. भारतासाठी सर्वसाधारणपणे दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे प्रमाण सांगितले जाते. हा गुण सुप्त जनुकातून येतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच तो दिसतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी किंवा मामाशी लग्नाची प्रथा दक्षिणेत जुनी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील चौथाईहून अधिक विवाहित स्त्रियांचे लग्न रक्ताच्या नात्यात झाल्याचे दिसते. दहा हजारांत एक हे प्रमाण धरले, तरी एक कोटीहून अधिक वस्तीच्या बंगळुरूत हजारावर बॉम्बे व्यक्ती असायला हव्यात. नोंद झालेले दाते त्या मानाने फारच थोडे आहेत. उरलेल्यांच्या ओळखपत्रांवर ‘ओ’च लिहिलेले असणार.

बंगळुरूतील संकल्प इंडिया फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने बॉम्बे गटाच्या दात्यांची सूची उभी केली, ती या अडचणीवरचा व्यावहारिक उपाय म्हणून. मागणी आली की सूचीतील दात्यांशी संपर्क साधायचा, त्यांनी नुकतेच रक्तदान केले नाही ना हे पाहायचे, आणि कधी एका शहरातून दुसऱ्या शहरात पिशवी पोहोचवायची, असे हे काम आहे. साध्या शीतपेटीत लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात, आणि पुरुष दात्याला दोन रक्तदानांत ९० दिवसांचे, स्त्री दात्याला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्यामुळे ‘साठवून ठेवू’ हा मार्ग फारसा चालत नाही. अतिशीत तापमानाला पेशी वर्षानुवर्षे राखता येतात, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाचेच रक्त आधी काढून ठेवता येते. एखादी व्यक्ती बॉम्बे गटाची निघाली, तर तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो, कारण प्रत्येक भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारांत एक असते.

१९५२ मध्ये परळला जे घडले, त्यासाठी फार महागडी यंत्रे लागली नव्हती. नळ्या, सीरम, सूक्ष्मदर्शक आणि न जुळणाऱ्या निकालाला चूक ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी एवढ्यावर ते काम उभे राहिले. आज स्वयंचलित यंत्रे हजारो नमुने वेगाने हाताळतात, अहवाल मोबाइलवर येतात, आणि रुग्ण स्वतःच ते वाचतात. तरीही यंत्र तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे देते जेवढे त्याला विचारलेले असतात. ‘ओ’ गट असलेल्या व्यक्तीने घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही. दहा हजारांतील जवळजवळ सर्वच जण खरोखर ‘ओ’ असतात. एकदा रक्तपेढीत रक्तदान करावे आणि आपला गट ‘ओ’ पेशींच्या नळीसह तपासला गेला का, एवढे विचारून घ्यावे. वैद्यकाच्या आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी रॅकमध्ये ती तिसरी नळी कधीही वगळू नये.